दोन्ही कोटेशनं २,१२,००० ची, पण खर्च सारखा नाही

उदगीरच्या एका शिक्षिकाताईंनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. लग्नाला पंचवीस वर्षं होत आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्या, त्यांचे यजमान, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि अकरावीतली मुलगी अशा चौघांना बेटांवर जायचं आहे. टूरवाल्याने दोन कागद हातात दिले. एक मुंबईहून लक्षद्वीप-गोवा अशी पाच रात्रींची क्रूझ, चौघांचे २,१२,०००. दुसरा अंदमानात सहा रात्री, हॉटेल, गाडी आणि बेटांमधल्या बोटी धरून १,२४,०००. विमान वेगळं, हैदराबादहून जाऊन-येऊन माणशी साधारण २२,०००. म्हणजे तेही बेरजेने २,१२,०००. "आकडा सारखाच असेल तर मुलीच्या मनासारखं जहाजच का नको?" असं ताई विचारतात. महिना ८,००० ची तीन वर्षांची आरडी सप्टेंबरात सुटणार आहे, चार लाखांची एफडी आहे, पगार हातात ६८,००० येतो. यजमान नऊ एकर शेती बघतात. त्यांचं म्हणणं ताईंनी जसंच्या तसं लिहिलंय : "आरडी कशाला मोडायची? पीककर्ज शून्य टक्क्यानं मिळायलंय, नवं-जुनं करून त्यातून जाऊन येऊ."

ताई, आधी हे सांगतो की सहल कराच. पुढच्या दिवाळीत लेक बारावीत असेल, नीट परीक्षेच्या तयारीत घरातलं कुणी हलणार नाही. त्यानंतर सासूबाईंचे गुडघे कसे असतील ते आज कुणी सांगू शकत नाही. तुमच्याकडे या कामासाठी साठवलेला पैसा आहे आणि चौघं एकत्र जाऊ शकता असं हे वर्ष आहे. "पैसा वाचवा, पुढे बघू" असा सल्ला मी देणार नाही.

आता पीककर्ज, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं उचलण्याचं. यजमानांचा हिशेब वरवर बरोबर वाटतो. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. पण सगळी सवलत "वेळेत फेडलं तर" याच अटीवर आहे. आणि फेडायचं कशातून? सोयाबीनमधून. २०२५ च्या सप्टेंबरातली अतिवृष्टी तुम्ही शेताच्या बांधावरून पाहिली आहे. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि आडतीवर त्याखालचे भाव ऐकत शेतकरी उभे होते. असं एक वर्ष पुन्हा आलं तर सवलत जाईल, कर्ज थकबाकीत जाईल आणि जूनमध्ये बी-खताला नवं कर्ज मागायला गेल्यावर बँक जुनं आधी भरा म्हणेल. पेरणीचा पैसा पेरणीलाच राहू द्या. हे मी कळकळीने सांगतोय, कारण आपल्याकडे बरीच घरं अडकली ती मोठ्या चैनीपायी नाही, एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाला लावल्यामुळे.

टूरवाल्याने सुचवलेलं दोन लाखांचं वैयक्तिक कर्जही नको. १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ६,८३५ रुपये बसतो आणि व्याजापोटी सुमारे ४६,००० जातात. तिकडे आरडीवर साडेसहा टक्के मिळवायचे आणि इकडे चौदा द्यायचे, यात आरडी "वाचली" असं म्हणता येत नाही. जहाजावरच्या बाल्कनीच्या खोलीसाठी जे "नो कॉस्ट ईएमआय" सांगितलंय, त्यात व्याज आधीच किमतीत धरलेलं असतं किंवा रोखीवर मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. शिवाय त्या व्याजावर जीएसटी लागतो. रोखीचा भाव काय, एवढा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

तेव्हा पैसा आरडीचाच. सुटताना ती साधारण ३,१८,००० होईल. राष्ट्रीयीकृत बँकेत आहे हे वाचून बरं वाटलं. मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवी अडकलेले लोक आपल्या भागात गावोगाव आहेत. एफडीला मात्र हात लावू नका. ती लेकीच्या प्रवेशाची आहे, आणि मेडिकल असो की बीएएमएस, पहिल्या वर्षाची फी आणि होस्टेल एकदमच समोर येतं. तर सहलीची कमाल मर्यादा ३,१८,०००, आणि त्यातूनही काही उरायला हवं.

या मर्यादेत दोन्ही कागद ठेवून बघू. तुम्ही पाठवलेल्या क्रूझच्या कागदावर खाली बारीक अक्षरात पोर्ट चार्ज, सेवाशुल्क आणि कर वेगळे लिहिलेत. चौघांचे ते ४४,००० होतात. लक्षद्वीपला उतरून फिरायचं तर त्याचे वेगळे, माणशी ५,००० प्रमाणे २०,०००. उदगीरहून मुंबई, तिथे एक रात्र मुक्काम आणि परतीचा प्रवास यांचे १८,००० धरा. जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही, म्हणून आदल्या दिवशी पोचणं भाग आहे. जहाजावर जेवण किमतीत असतं, पण सगळंच नसतं. काही पेयं, फोटो, इंटरनेट आणि काही खेळ यांचे पैसे लागतात. अकरावीतलं लेकरू सोबत असताना १२,००० सहज जातील. एकूण ३,०६,०००.

अंदमानच्या १,२४,००० वर पाच टक्के जीएसटी म्हणजे ६,२००. हॉटेलात फक्त नाश्ता आहे, दोन वेळचं जेवण चौघांचं मिळून सहा दिवसांचं २१,६०० धरलं. बिदरवरून हैदराबादच्या शमशाबाद विमानतळापर्यंत गाडी, जाऊन-येऊन आणि पहाटेचं विमान असेल तर एक रात्र, असे १४,०००. प्रवेशशुल्क, काचेच्या तळाची बोट आणि किरकोळ खर्च आणखी १४,०००. एकूण २,६७,८०० होतात.

म्हणजे कोटेशनं सारखी, आणि खिशातून जाणाऱ्या पैशांत ३८,२०० चा फरक. क्रूझनंतर आरडीतले जेमतेम १२,००० उरतात, अंदमाननंतर ५०,०००. रात्रीमागे पाहिलं तर जहाज ६१,२०० ला पडतं आणि अंदमान ४४,६०० ला. माझे काही आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या हातात नक्की आकडे आले की ते घालून बेरीज पुन्हा करा. एवढा फरक मिटायला बरंच काही उलटं घडावं लागेल.

पण पैशांपेक्षा मला जास्त खटकतं ते सासूबाईंचं. वयस्कर माणसाला क्रूझ सोपी, असं लोक म्हणतात, आणि बऱ्याच अंशी ते खरं आहे. सामान एकदाच उघडायचं, लिफ्ट असते, जेवायला दूर जावं लागत नाही. पण लक्षद्वीपची बेटं उथळ खाजणातली, प्रवाळांच्या कड्यातली आहेत. मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतं आणि माणसं लहान बोटीत उतरून किनाऱ्यावर जातात. हलत्या पाण्यावर जहाजातून बोटीत आणि बोटीतून जेट्टीवर पाऊल टाकणं दुखऱ्या गुडघ्यांना जड आहे. बहुतेक त्या जहाजावरच थांबतील आणि त्यांच्यासोबत तुम्ही थांबाल. चौघांच्या एका खोलीत वरचे दोन बिछाने भिंतीतून खाली उघडणारे असतात, रात्री अडचण होते. आणि समुद्र खवळला तर कप्तान बेटावरचा थांबा रद्द करू शकतो. तेवढ्यासाठी पूर्ण पैसे परत मिळतीलच असं करारात नसतं, फार तर त्या थांब्याचं शुल्क. दिवाळीच्या आसपास अरबी समुद्रात वादळं होतात. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस क्यार आणि महा ही वादळं एकामागोमाग आली होती, आणि २०१७ च्या डिसेंबरात ओखीने लक्षद्वीपला चांगलाच तडाखा दिला.

अंदमान या बाबतीत निर्धोक आहे असं समजू नका. २०१६ च्या डिसेंबरात खराब हवामानाने बोटी बंद झाल्या आणि हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक, नील या बेटांवर अडकले होते, नौदलाने त्यांना बाहेर काढलं. फरक एवढाच की जमिनीवरच्या सहलीचा क्रम तुम्ही ठरवू शकता. टूरवाल्याला सांगा : पहिली रात्र श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला. मग दोन रात्री स्वराज द्वीप (पूर्वीचं हॅवलॉक), एक रात्र शहीद द्वीप (पूर्वीचं नील), आणि शेवटच्या दोन रात्री परत श्री विजयपुरमला. बोट एक दिवस चुकली तरी विमान चुकणार नाही. टूरवाले बेटं शेवटी ठेवतात तेव्हा हा धोका तुमच्या पदरात टाकतात. या एका बदलाला पैसे लागत नाहीत, म्हणून यावर अडून बसा.

सासूबाईंना सेल्युलर जेल बघायचा आहे असं तुम्ही एका ओळीत लिहिलंय. ही ओळ मी सगळ्यात जास्त वेळा वाचली. १९०६ मध्ये पुरं झालेल्या त्या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीन उरल्या आहेत, सावरकर १९११ पासून दहा वर्षं तिथे होते. वरच्या कोठडीपर्यंत जिने आहेत. त्या चढू शकल्या नाहीत तरी संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम बसून बघता येतो. त्याची तिकिटं आधी काढून ठेवायला सांगा, सुट्टीत ती संपतात. ज्या माणसाच्या मनात एक ठरावीक जागा आहे, त्याला तिथे नेणारा खर्च मी पहिल्या रांगेत धरतो.

आणखी कुठे पैसा वाचेल? बारातांगची चुनखडीची गुहा कागदावर आहे ती काढून टाका. पहाटे तीनच्या सुमारास निघावं लागतं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून वाहनांच्या ताफ्यात जायचं, मग बोट आणि मग पायी चाल. गुडघ्यांना नको आणि त्या दिवसाचे पैसेही वाचतील. दुसरं, अंदमान एवढं पूर्वेला आहे की नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्री आठपर्यंत गाडीचे पैसे देऊन फार काही दिसत नाही. सकाळी लवकर निघायचं ठरवून दर लावून घ्या.

मालदीवचं तुम्ही शेवटी सहज विचारलंय. या वेळी नको. चार पासपोर्ट काढायचे, भाव डॉलरमध्ये, वर २०२५ पासून रिसॉर्टवर माणशी रोज १२ डॉलर हरितकर आणि १७ टक्के पर्यटन जीएसटी. परदेशी पॅकेजवर टूर कंपनी टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकरही घेते. तो विवरणपत्र भरताना वळता होतो खरा, पण तोवर पैसा अडकून राहतो.

लेकीचा हिरमोड होईल, ते मला कळतं. तिला हिशेबाचा हाच कागद दाखवा, अकरावीतल्या मुलीला ही बेरीज कळते. स्वराज द्वीपला जाताना दीड-दोन तास समुद्रावरूनच जायचं आहे. आणि जहाजाची हौस राहिलीच तर नीटची परीक्षा झाल्यावर मुंबई-गोवा अशी दोन रात्रींची छोटी फेरी करता येईल. उरलेल्या पन्नास हजारांतले तीस हजार आजच तिच्या नावाने बाजूला ठेवायचं कबूल करा. मग ती "नाही" ऐकणार नाही, "नंतर" ऐकेल. सरकारी जहाजाचा पर्यायही आहे. लक्षद्वीप प्रशासनाची कोचीहून "समुद्रम" नावाची सहल असते, रात्री जहाजावर आणि दिवसा बेटांवर. पण परवाना काढायचा आणि कोचीपर्यंत जायचं, हे सासूबाईंना सोबत घेऊन नको.

पैसे देण्याचा क्रम असा ठेवा. विमानाची तिकिटं सगळ्यात आधी काढा, कारण दिवाळीत तेच झपाट्याने महागतं. आरडी सप्टेंबरात सुटेल, त्याआधी तिकिटांना ८८,००० लागतील. ते बचत खात्यातून द्या आणि आरडी सुटल्या दिवशी तिथे परत भरा. खात्यात तेवढे नसतील तरच आरडी मोडण्याचा विचार करा, दंड साधारण एक टक्का व्याजाचा असतो, तोही बँकेत विचारून घ्या. टूरवाल्याला २५ टक्क्यांहून जास्त आगाऊ देऊ नका, आणि किती दिवस आधी रद्द केलं तर किती कापणार हे तारखांसह लेखी घ्या. निघायची तारीख भाऊबीजेनंतरची ठेवा. यजमानांची हरभऱ्याची पेरणीही तोवर उरकेल.

आरोग्य विमा आहे असं लिहिलंय. श्री विजयपुरममधलं कोणतं रुग्णालय कॅशलेसमध्ये आहे ते कंपनीकडून कळवून घ्या. शहीद द्वीपला एटीएम फार नाहीत आणि फोनचं नेटवर्क कधीकधी दगा देतं, म्हणून दहा-बारा हजार रोख जवळ असू द्या. सासूबाईंची गोळ्यांची पिशवी हातातल्या सामानात. आणि तिकीट काढण्याआधी चौघांची आधार कार्डं समोर ठेवा. जुन्या बायकांच्या कार्डावर नाव एक आणि घरात हाक दुसरी असं आपल्याकडे हमखास असतं, तिकिटावर कार्डावरचंच नाव टाका.