शंका-समाधान : अधांतरी थेंबाला चुंबकाचा लगाम

प्रश्न : कॉइलमध्ये अधांतरी धरलेला वितळलेल्या निकेलचा थेंब थंड करताना सतत डुलतो, फिरतो. बाहेरून स्थिर चुंबकीय क्षेत्र लावले, तर नेमका काय फरक पडतो?
(धातुशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर : आधी थेंब डुलतो का, ते पाहू. कॉइल म्हणजे आतून पाणी खेळवलेली तांब्याची नळी. खालचे वेढे शंकूसारखे, वर एक-दोन उलटे वेढे. तीत काही शेकडो अँपिअरचा, साधारण 300 किलोहर्ट्झचा प्रवाह सोडला की थेंबात भोवरा प्रवाह (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह) निर्माण होतात. निकेलमध्ये ते वरच्या जेमतेम 0.85 मिलिमीटर थरातच वाहतात. थेंबाला उचलणारे, तापवणारे आणि आतून घुसळणारे हे एकच प्रवाह. खरी अडचण इथेच आहे. थेंब थंड व्हावा म्हणून प्रवाह कमी केला, तर तो शंकूत खाली उतरतो, जास्त तीव्र क्षेत्रात जातो आणि फारसा थंड होतच नाही. म्हणून प्रवाह तसाच ठेवून हेलियमचा झोत सोडतात.

1 ग्रॅमच्या थेंबाचा व्यास सुमारे 6 मिलिमीटर. आतल्या द्रवाचा वेग सेकंदाला 0.3 मीटर धरला, तर रेनॉल्ड्स अंक (द्रवाची गती त्याच्या चिकटपणाला किती भारी पडते, ते सांगणारी संख्या) 3000च्या आसपास येतो. अशा थेंबात हा अंक 600च्या सुमारास गेला, की द्रवाचे वाहणे खळबळीचे होते, हे अवकाशातील पॅलेडियम-सिलिकॉनच्या प्रयोगांत दिसले आहे.

आता उभे स्थिर क्षेत्र लावा. क्षेत्ररेषा छेदत वाहणाऱ्या द्रवात नवे प्रवाह उठतात आणि त्या हालचालीलाच विरोध करतात. हा विरोध क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. निकेलसाठी 1 टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) गती शमण्याचा काळ साधारण 7 मिलिसेकंद, 2 टेस्लाला 2 मिलिसेकंदांहूनही कमी. मात्र उभ्या अक्षाभोवतीचे फिरणे थांबत नाही. त्या फिरण्याने विद्युतभार अक्षाकडे आणि कडेला साचतात, त्यांचे विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्राचा परिणाम तोलून धरते आणि प्रवाह वाहतच नाही. थेंब घन गोळ्यासारखा गरगरताना दिसला, तर यंत्रात दोष शोधत बसू नका. नमुना मात्र चुंबकाच्या मध्यभागीच हवा. क्षेत्र चढते-उतरते असेल तिथे, विशेषतः कोबाल्टसारखा धातू, एका बाजूला ओढला जातो.

प्रश्न : मग अतिशीतन, म्हणजे वितळबिंदूच्या खाली जाऊनही द्रव न गोठणे, वाढते का?

उत्तर : त्या आशेने चुंबक विकत घेऊ नका. अतिशीतन मुख्यतः स्वच्छतेवर अवलंबून असते. पृष्ठभागावर ऑक्साइडचा तुकडा राहिला की तिथेच स्फटिक धरतो. कॅमेऱ्यात तो आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. आधी वितळबिंदूच्या बरेच वर तापवून तो घालवावा, वायू शुद्ध असावा.

घनीभवनावरचा परिणाम अतिशीतन किती आहे त्यावर ठरतो. निकेलमध्ये 200 अंशांच्या अतिशीतनाला डेंड्राइट (झाडाच्या फांद्यांसारखे वाढणारे स्फटिक) सेकंदाला 20 मीटरहून जास्त वेगाने धावतात; तिथे सेकंदाला 0.3 मीटरने वाहणारा द्रव कुणाच्या खिजगणतीत नाही. अतिशीतन थोडे असले, की द्रवाची हालचाल उष्णता वाहून नेते आणि वेग बदलतो. शिवाय स्थिर क्षेत्रात, घन-द्रव सीमेवर तापमानातील फरकाने उठणाऱ्या औष्णिक विद्युतप्रवाहांमुळे द्रवाची नवीच हालचाल सुरू होऊ शकते. म्हणजे क्षेत्र लावले की सगळे शांत, असे गृहीत धरता येत नाही.

लोह-क्रोमियम-निकेल मिश्रधातूत फरक डोळ्यांना दिसतो. पायरोमीटरच्या (स्पर्श न करता तापमान मोजणाऱ्या उपकरणाच्या) आलेखावर, गोठताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेमुळे, तापमानाच्या दोन उड्या येतात : आधी अस्थायी स्फटिकरचना, मग स्थिर रचना. या दोन उड्यांमधला काळ द्रवाच्या घुसळणीवर अवलंबून असतो. घुसळण जास्त, तर काळ कमी. तांबे-कोबाल्टचा अतिशीत द्रव गोठण्याआधीच दोन द्रवांत फुटतो. घुसळण कमी झाली की छोटे थेंब एकमेकांवर आदळून एकत्र येण्याचे प्रमाणही घटते.

प्रश्न : द्रव धातू लोहचुंबक बनतो का?

उत्तर : बनतो, पण क्वचित. 80 टक्के कोबाल्ट आणि 20 टक्के पॅलेडियमचा थेंब तीनशेहून अधिक अंश अतिशीत करून, सुमारे 1250 केल्विनला, 1990च्या दशकात जर्मनीतील संशोधकांनी हे दाखवले. एरवी क्युरी तापमान (ज्याच्या खाली धातू लोहचुंबक बनतो ते) गाठण्याआधीच द्रव गोठतो.