धनुष्याला चीर गेलीय? आधी दोरी उतरवा

चीर लाकडाच्या रेषांसोबत उभी असेल तर घाबरू नका, धनुष्य बहुधा वाचतं. पाठीवर, म्हणजे निशाणाकडच्या बाजूला आडवी असेल तर मात्र ओढूच नका. तिथले तंतू तुटलेत, ते चिकटवून ताण धरत नाहीत, आणि मोडलेला तुकडा तोंडावर येतो.

उभ्या चिरेत पातळ फेविक्विक थेंबाथेंबानं मुरवा. जाड फेविकॉल खोल उतरत नाही. वाळल्यावर सुती दोरा वळ्याला वळा लावून घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकांपुढं इंचभर. त्यावर अरल्डाइट लावा. सुती दोऱ्यावर फेविक्विक नको, ते तापून बोटं भाजतात.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- खिळा ठोकणं
- 24 तासांआधी ओढून बघणं

नंतरही आधी अर्धंच, 20-25 वेळा ओढा. आणि आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, लाकूड सुकून पुन्हा तडकतं.