डॉक्टरांचा ‘एच-इंडेक्स’ आणि आजोबांचे डोळे

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय ७१) काचबिंदू आहे. सात वर्षं आम्ही राजारामपुरीतल्या एकाच डॉक्टरांकडं दाखवतो. परवा मुलानं गुगल स्कॉलरवर (संशोधनाचे लेख शोधायच्या संकेतस्थळावर) त्यांचं नाव टाकलं, तर दोनच पेपर निघाले. पुण्याच्या एका डॉक्टरांचा एच-इंडेक्स मात्र २३ आहे. मुलगा म्हणतो, आजोबांना पुण्यालाच दाखवायचं. हा आकडा नेमका काय सांगतो? डॉक्टर बदलावेत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, मी डॉक्टर नाही. हयात ग्रंथालयात गेली आणि गेली नऊ वर्षं रात्री साडेनऊला मीही दोन्ही डोळ्यांत थेंब घालतोय. म्हणजे तुमचा प्रश्न मला दोन्हीकडून लागतो.

आधी आकडा. एखाद्याच्या ज्या पेपरचा दाखला इतरांनी सगळ्यात जास्त वेळा दिला तो वर, अशा उतरत्या क्रमानं त्याचे पेपर लावायचे आणि वरून मोजत यायचं. तेविसाव्या पेपरला किमान २३ दाखले आहेत, पण चोविसाव्याला २४ भरत नाहीत. झाला एच-इंडेक्स २३. होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली ही युक्ती काढली, ती संशोधक तोलायला. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळं जुन्या माणसाचा आपसूक मोठा दिसतो.

आमच्या वेळी हीच मोजदाद युजीन गारफील्डच्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’च्या, म्हणजे कुणी कुणाचा दाखला दिला याच्या सूचीच्या, जाडजूड खंडांतून व्हायची. पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं, हातात भिंग. मुंबईला जाऊन एका प्राध्यापकाचे दाखले मोजायला मी दोन दिवस घालवले आणि शेवटी कळलं, निम्मे त्याच आडनावाच्या नि त्याच आद्याक्षरांच्या दुसऱ्याच माणसाचे! गुगल स्कॉलरही अशी गल्लत करतं. पाटील, कुलकर्णी असाल तर विचारूच नका.

आता काचबिंदूचंच उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे हॅरी क्विग्ली हे या विषयातलं मोठं नाव. २००६ साली त्यांनी एका सहकाऱ्यासोबत अंदाज मांडला : २०१० मध्ये जगात काचबिंदूचे ६.०५ कोटी रुग्ण असतील, २०२० मध्ये ७.९६ कोटी. या पेपरचे दाखले ढिगानं आहेत. का? कारण काचबिंदूवर काहीही लिहायचं झालं, तरी पहिल्या ओळीत ‘जगात इतके कोटी रुग्ण’ असं लिहावं लागतं आणि त्या ओळीला आधार लागतो. पुढं २०१४ साली नवा अंदाज आला (२०४० पर्यंत ११.१८ कोटी), तेव्हा पहिल्या ओळीला नवा आधार मिळाला. पेपर चांगलेच आहेत, पण दाखला म्हणजे शाबासकीच असते असं नाही.

मला स्वतःला क्विग्लींचं १९८२ चं काम जास्त मोलाचं वाटतं. मृत्यूनंतर मिळालेल्या डोळ्यांच्या मज्जातंतूंमधले धागे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मोजले. निरोगी डोळ्यात ते दहा-बारा लाख असतात. काही डोळ्यांत त्यातले ४० टक्क्यांपर्यंत धागे गेले, तरी त्या काळच्या दृष्टिक्षेत्र तपासणीत (कडेचं किती दिसतं ते बघणाऱ्या ‘फील्ड टेस्ट’मध्ये) काही सापडलं नव्हतं. हे वाचल्यावर मला बिंदू चौकातला माझा प्रसंग उमगला. डावीकडून मोटारसायकल आली, ती दिसलीच नाही आणि मी त्या पोराला शिव्या घातल्या. मोतीबिंदूत धूसर दिसतं, चष्म्याचा नंबर वाढला तर माणूस तक्रार करतो. काचबिंदू कडेकडेनं कुरतडतो आणि समोरचं वर्तमानपत्र लख्ख वाचता येतं.

तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांचा २३ हा आकडा एवढंच सांगतो की त्यांचं लिखाण इतर संशोधकांच्या कामी आलं. आजोबांचा डोळा त्यांनी किती निगुतीनं पाहिला असता, हे त्यात नाही. तुमच्या डॉक्टरांना वेगळं विचारा : डोळ्यावर भिंग टेकवून कोन (डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं ती जागा) बघितलाय का? दर वेळच्या फील्ड टेस्टचा कागद मागच्या कागदाशेजारी ठेवून बघतात का? डोळ्यातला दाब किती खाली आणायचा हे ठरवलंय का? तिन्हीला ‘हो’ आलं तर राहू द्या तिथंच. वर्षातून तीन-चार वेळा पुण्याच्या खेपा म्हटल्यावर एखादी चुकणारच, आणि या दुखण्यात चुकलेली खेप महाग पडते. फारच शंका असेल तर सगळे कागद घेऊन एकदा पुण्याला दाखवून या.

सासऱ्यांच्या सख्ख्या भावंडांचे डोळे मात्र या महिन्यातच तपासून घ्या; हे दुखणं घरात चालत येतं. तुमच्या यजमानांचेही.

आणि मुलाला सांगा, आजोबांची पहिली फील्ड टेस्ट शोधून फाईलला लाव. माझी मीच एका दिवाळीत रद्दीत घातली. आता डॉक्टर दर वेळी तीच मागतात.