सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही

अरे, सेल्फ जोरात फिरतोय ना? मग नव्या बॅटरीसाठी धावू नकोस. काचा लाव, एसी-रेडिओ बंद कर, चावी फक्त ऑनवर आण आणि मागच्या सीटकडे कान दे. पेट्रोल गाडीत 2-3 सेकंद इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाची बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. नाही आली तर आधी फ्यूज बघ, मग पंपाच्या रिलेच्या (पंपाला करंट देणारा छोटा स्विच) जागी त्याच नंबरचा शेजारचा रिले लावून बघ. माझा पंप बदलायला काढला होता, दोष निघाला रिलेचा!

पंप वाजतोय, पण मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकतंय? इमोबिलायझर (चावी ओळखली नाही तर गाडी चालू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) असेल, दुसरी चावी लावून बघ. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांच्या वर मारू नकोस, तापतो. आणि हो, टाकीत पेट्रोल आहे ना? हसू नकोस, काटा अडकतो कधीकधी.