आधी आजीला उत्तर दे

प्रिय बाये,

अनेक आशीर्वाद. मालवणी शब्दांचा कोश करायला घेतल्याचे तू कळवलेस आणि आजी मालवणीत बोलली की आपण पुस्तकी मराठीत उत्तर देतो, हेही त्याच पत्रात सहज लिहून गेलीस. ‘मग मी स्वतःला मालवणी म्हणवून घ्यावे का?’ हा तुझा प्रश्न खरा आहे, पण तो कोशाने सुटायचा नाही. आधी आजीला तिच्या बोलीत उत्तर दे.

देवळात गाऱ्हाणे घालणारा एकेक मागणे म्हणतो आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तो होकार देणारेच उरले नाहीत, तर वहीत शब्दशः उतरवलेल्या गाऱ्हाण्याचे काय करायचे? रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला जाऊन ये. पोर्तुगीज 1740 मध्ये तिथून गेले, तरी तिथली जेमतेम हजारभर ख्रिस्ती माणसे पोर्तुगीज-मराठी मिसळीची ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, अजून बोलतात. तिला राजाश्रय नाही, शाळा नाही. उंबऱ्याच्या आत ती बोलली गेली, एवढेच. उलट अंदमानच्या बोआ सिनियर 2010 मध्ये वारल्या, तेव्हा त्यांच्या बो भाषेचे ध्वनिमुद्रण झालेले होते. त्या भाषेत त्यांना उत्तर देणारे मात्र कोणीच नव्हते.

मी हे कोणत्या तोंडाने सांगतो, असे तू विचारशील. ‘माका व्हया’ म्हणणाऱ्या मुलांना मी वर्गात बाकावर उभे केले आहे. तालुक्याला गेल्यावर त्यांना कोणी हसू नये, हा माझा हेतू होता. ती मुले शिकली, नोकऱ्यांना लागली, आणि तो हेतू वाईट होता असे मी आजही म्हणणार नाही. पण प्रमाण मराठी देण्यासाठी घरची बोली काढून घ्यावी लागत नाही, हे मला फार उशिरा कळले, कारण माझ्या मुलाशीही मी घरात वर्गातल्यासारखेच बोललो. आई अंथरुणाला खिळली असताना एकदा माझ्या नातवाला म्हणाली, ‘वायच पेज हाड रे.’ पणजीने आपल्याला कुत्र्यासारखे ‘हाड’ म्हटले, असे समजून पोर रडवेले होऊन बाहेर गेले. थोडी पेज आण, एवढेच तिचे मागणे होते. पेज मी नेऊन दिली, पण ती दाराकडेच बघत होती.

आपले उच्चार चुकतात, आजी हसते, म्हणून तू गप्प बसतेस. हसू दे तिला! चार शब्द चुकल्याने बोली बुडत नाही. चतुर्थीला येशील तेव्हा वही पिशवीतच राहू दे. खळ्यात पाय ठेवताच आजी विचारील, ‘कदी इलंस गो?’ तेव्हा ‘आताच इलंय’ एवढे म्हण, आणि पुढचे ती बोलेल.

तुझा,
गुरुजी