पुण्यात काढलेलं लायसन्स नागपुरात रिन्यू होतं का? मुदत संपून दोन महिने झालेत

तुमचं वय ४२, लायसन्स बाविसाव्या वर्षी पुण्यात काढलेलं, आता मुक्काम नागपुरात मनीषनगरला, आणि एजंट म्हणतो की मुदत संपली म्हणजे टेस्ट पुन्हा द्यावी लागेल, चार हजार काढा. भाऊ, टेस्ट लागत नाही. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर नुसतं नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की मात्र गाडी चालवून दाखवावी लागते. तुमच्याकडे दहा महिने आहेत, पण तेवढे घेऊ नका. कारण खाली लिहितो.

पुणे-नागपूरचाही प्रश्न नाही. लायसन्स कुठेही काढलेलं असो, तुम्ही आज राहता तिथल्या आरटीओकडे अर्ज चालतो. सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर पिनकोड टाकला की कार्यालय तेच दाखवतं, त्यामुळे गिरीपेठेतलं एमएच ३१ की पूर्व नागपूरचं एमएच ४९ याचा खल आपण करायचा नाही. त्याच अर्जात पत्ता बदलण्याची सेवाही निवडा. नाहीतर नवं कार्ड स्पीड पोस्टाने थेट पुण्याच्या जुन्या घरमालकाकडे जाईल.

आता घाई कशासाठी ते सांगतो. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालायचं आणि लोक अजून त्याच भरवशावर असतात. २०१९ च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. म्हणजे गेले दोन महिने तुम्ही कायद्याच्या नजरेत विनालायसन्स गाडी चालवताय. व्हेरायटी चौकात पोलिसाने हात दाखवला तर ५,००० रुपये दंड, हा त्यातल्या त्यात स्वस्तातला भाग. अपघात झाला तर विमा कंपनी आधी लायसन्सची तारीख बघते, आणि तिथे तुमची बाजू लंगडी पडते. अर्जाची पावती म्हणजे लायसन्स नव्हे, हेही लक्षात ठेवा. मंजुरी येईपर्यंत मेट्रोने फिरा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या.

तुमच्या वयाला खरं काम एकच आहे, डॉक्टरचा दाखला. चाळिशीच्या आत असाल तर फॉर्म १ मध्ये 'मी धडधाकट आहे' असं स्वतःच लिहून दिलं की भागतं. चाळिशी ओलांडली की फॉर्म १-अ लागतो आणि तो डॉक्टर देतो. महाराष्ट्रात डॉक्टर तो स्वतःच्या लॉगिनमधून सारथीवर चढवतात, म्हणून ज्यांची तिथे नोंदणी आहे असाच एमबीबीएस डॉक्टर गाठा. आधी फोन करून विचारा, गल्लीतल्या प्रत्येकाकडे ही सोय नसते. तपासतात काय, तर २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखू येतो का, ऐकू नीट येतं का, फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का. चष्मा असेल तर लावूनच जा, चष्म्यासह वाचलेलं चालतं. माझ्या डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या दारात उभं करून रस्त्यापलीकडच्या ॲक्टिव्हाचा नंबर वाचायला लावला होता, आणि ती ॲक्टिव्हा माझ्याच शेजाऱ्यांची निघाली. नंबर पाठ होता. मग दुसऱ्या गाडीचा वाचला.

बाकीचं घरबसल्या. परिवहनच्या सरकारी साइटवर सारथी, मग महाराष्ट्र, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख. आधारचा ओटीपी देऊन फेसलेस पद्धत घेतली तर कार्यालयात जावं लागत नाही. गाडी अडते ती नावापाशी. जुन्या लायसन्सवर आडनाव आधी, वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आणि आधारवर सगळं सविस्तर, असं असलं की फेसलेस अर्ज पुढे सरकत नाही. मग साधा अर्ज भरून, अपॉइंटमेंट घेऊन मूळ कागद दाखवायला जाणं आलंच. फोटो-सही बदलून हवी असेल तरी जावं लागतं.

एक अडचण खरोखर पुण्याची असू शकते. जुन्या लायसन्सची नोंद कधीकधी सारथीवर सापडतच नाही. तसं झालं तर ती 'बॅकलॉग' नोंद मूळ कार्यालयातून, म्हणजे पुण्याहून करून घ्यावी लागते. म्हणून डॉक्टरकडे जायच्या आधी पोर्टलवर नंबर टाकून बघा.

पैशांचं असं: नूतनीकरण २०० रुपये, स्मार्ट कार्ड २०० रुपये. उशिराच्या अर्जासाठी केंद्रीय नियमात ३०० रुपये आणि त्यावर दर वर्षाला किंवा वर्षाच्या भागाला १,००० रुपये जादा असा दर आहे. तुमचा नेमका आकडा पैसे भरण्याआधी स्क्रीनवर येतो. डॉक्टरची फी वेगळी. एवढं जोडूनही चार हजार कसे होतात ते एजंटलाच विचारा. एजंट वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. कॉम्प्युटरवर हातच चालत नसेल तर दोन-चारशे रुपये द्यायला हरकत नाही. पण टेस्टची भीती घालून पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

नवं लायसन्स २० वर्षांचं मिळणार नाही. आता तिशी ते पन्नाशीत दहा वर्षं मिळतात, ५० ते ५५ मध्ये साठीपर्यंतचं, आणि त्यापुढे दर वेळी पाच. म्हणजे तुमचं बावन्नाव्या वर्षी परत येईल. तेव्हा मुदत संपायची वाट बघू नका, वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. टॅक्सी-ट्रकचं लायसन्स असेल तर हिशोब निराळा, ते साधारणपणे पाच वर्षांचं.

मंजुरीचा मेसेज आला की डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये नवी तारीख दिसते का बघा. तिथलं लायसन्स पोलिसाला दाखवलं तर मूळ लायसन्साइतकंच ग्राह्य आहे, कार्डासाठी अडून राहू नका. आणि व्हॉट्सॲपवर 'आरटीओ' नावाची एखादी एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी) आली, तर ती उघडायची नाही. परिवहनच्या सरकारी साइटचा पत्ता गव्ह डॉट इनने (gov.in) संपतो.