लेकाने फर्स्ट क्लासचं तिकीट काढलंय!

प्रश्न: मुलाने आम्हा दोघांचं मुंबई-दुबई-न्यूयॉर्क एमिरेट्सचं फर्स्ट क्लास काढलंय. एवढे पैसे घातलेत त्याने, वाया नको जायला. काय काय करावं? – एक आजी, कोथरूड

उत्तर: आजी, किती छान! पुण्याहून लवकरच निघा, घाटात अडकलात तर लाउंजमध्ये निवांत बसायचं राहून जाईल. खरी मजा दुबईनंतर, साधारण १४ तास. विमान ए३८० म्हणजे ते मोठं दुमजली असेल तर त्यात चक्क शॉवर आहे, खरीखुरी आंघोळ! पाणी ५ मिनिटंच मिळतं पण मधे थांबवता येतं, म्हणून साबण लावताना बंद करा आणि आपली आंघोळीची वेळ विमानात बसल्याबरोबर एअर होस्टेसला सांगून ठेवा, उतरायच्या आधीची घेतलीत तर अगदी ताजंतवानं वाटेल. जेवण भूक लागेल तेव्हा मागा, संकोच नको, फक्त जैन वगैरे वेगळं हवं असेल तर २४ तास आधी कळवायला लागतं. पायजमा मिळतो तो घालाच, आजोबांनाही घालायला लावा, सीटचा सपाट पलंग होतो, दार ओढून मस्त झोपा. हवा फार कोरडी असते, पाणी पीत राहा आणि अधूनमधून उठून चाला.